गड चढताना दम लागतो, पण मांड्या भरतात त्या उतरल्यामुळे, असं का?

सिंहगड चढलाय ना कधी, आतकरवाडीच्या बाजूने? पहिल्यांदा जाणाऱ्यांचं अगदी ठरलेलं असतं बघा. चढताना छाती लोहाराच्या भात्यासारखी चालते, दर पाच मिनिटांनी दगडावर बसकण, ताक दिसलं की थांबायचं, वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, आणि मग उतरायला सगळे एकदम खुश, आता काय उतारच तर आहे म्हणून. दम लागत नाही, गप्पा मारत उतरता येतं. पण निम्म्यात आलं की गुडघ्याच्या वरचा भाग लटलट कापायला लागतो, एखाद्या दगडावर नुसतं उभं राहिलं तरी मांडी थरथरते, आणि खरा त्रास सुरू होतो दुसऱ्या दिवसापासून. मांड्या अशा भरून येतात की खुर्चीत बसताना हातांवर भार द्यावा लागतो, जिना कसाबसा चढता येतो पण उतरणं म्हणजे देव आठवतो.

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे सोमवार-मंगळवारी असे पेशंट हमखास येतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, लॅक्टिक ॲसिड साठलंय का हो? आता तुम्हीच विचार करा, लॅक्टिक ॲसिड जास्त कधी तयार होणार, धापा टाकत चढताना की गप्पा मारत उतरताना? चढतानाच ना. आणि जे तयार होतं ते तास-दीड तासात निघूनही जातं. जे लोक चालत वर जातात आणि गाडीने खाली येतात त्यांच्या मांड्या एवढ्या भरत नाहीत, हेही तुम्ही पाहिलं असेल. म्हणजे गडबड उतरण्यात आहे.

याचं उत्तर स्नायूच्या आतल्या बांधणीत आहे. आणि ती बांधणी समजायला एकट्या डॉक्टर लोकांचा उपयोग झाला नाही, त्यात रडारवर काम केलेला भौतिकशास्त्रज्ञ होता, प्राणिशास्त्रातली बाई होती, वेल्लोरचा सर्जन होता, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगवाला प्राध्यापक होता. मला हा विषय फार म्हणजे फार आवडतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

आधी स्वयंपाकघरात चला. चिकनचा ब्रेस्ट पीस उकडून बोटांनी सोडवला की लांब लांब रेषे निघतात, तो एकेक रेषा म्हणजे स्नायूतंतूंची जुडी. शाकाहारी असाल तर सुंभ डोळ्यासमोर आणा, दोरात पीळ, पिळात काथ्या, काथ्यात अजून बारीक धागे, स्नायू तसाच असतो. जुडीत तंतू, तो तंतू म्हणजे एकच पेशी, केसाएवढी किंवा त्याहून बारीक पण लांबीला कितीतरी सेंटिमीटर. त्या पेशीच्या आत पुन्हा शेकडो बारीक धागे, आणि प्रत्येक धागा म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या छोट्या छोट्या खोल्यांची रांग. त्या खोलीला सार्कोमिअर म्हणतात. एकाची लांबी साधारण अडीच मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात चारशे सार्कोमिअर ओळीने बसतात. सगळा खेळ या खोलीत चालतो.

आता तंगडी घ्या. तंगडीच्या मांसात एक पांढरी चकचकीत पट्टी आत शिरलेली दिसते, खाताना आपण ती बाजूला काढतो, ते टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर. नीट पाहिलंत तर मांसाचे रेषे त्या पट्टीवर तिरके येऊन चिकटलेले असतात, नारळाच्या झावळीत मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी पाती लागतात ना, अगदी तसे. ब्रेस्टमध्ये असं दिसत नाही. ही झावळी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. (आणि ब्रेस्ट पांढरा, तंगडी लालसर का? कोंबडी दिवसभर चालते पण उडते क्वचित. दिवसभर राबणाऱ्या स्नायूला ऑक्सिजन लागतो, तो धरून ठेवणारं लाल प्रथिन त्यात जास्त असतं. दूर उडणाऱ्या कबुतराची छाती म्हणूनच गडद लाल असते.)

पूर्वी युरोपात विद्वान लोक असं धरून चालायचे की मेंदूतून एक प्रकारचा वायू किंवा रस नसांमधून (नस म्हणजे इथे नर्व्ह, रक्तवाहिनी नाही) स्नायूत शिरतो आणि स्नायू फुग्यासारखा फुगतो, म्हणून दंड फुगलेला दिसतो. ऐकायला पटतं सुद्धा. सतराव्या शतकात यान स्वामरडाम नावाच्या डच माणसाने एक इतका साधा प्रयोग केला की मला अजून त्याचं कौतुक वाटतं. बेडकाच्या मांडीचा स्नायू काचेच्या नळीत बंद केला, नळीचं वरचं टोक अगदी निमुळतं, त्यात पाण्याचा एक थेंब. स्नायू खरंच फुगत असेल तर आतली हवा दाबली जाऊन थेंब वर सरकायला हवा. त्याने नस छेडली, स्नायू आकसला, आणि थेंब वर गेलाच नाही. म्हणजे स्नायू आकसतो तेव्हा त्यात बाहेरून काही भरलं जात नाही, आकारमान तेवढंच राहतं, लांबीला कमी होतो तेवढा जाडीला वाढतो इतकंच. त्याच काळात, १६६७ साली, त्याचाच मित्र नील्स स्टेन्सनने स्नायूची चक्क भूमिती मांडली, तिरके तंतू समांतर रेषांसारखे काढून दाखवलं की हे तंतू आखूड झाले की स्नायू आपोआप मध्ये जाड दिसणार, फुगायची गरजच नाही. त्या आकृत्या पुढे तीनशे वर्षं जवळजवळ विसरल्या गेल्या, याचं वाईट वाटतं.

मग प्रश्न राहिला की आखूड होतं म्हणजे नक्की काय होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच जणांना वाटायचं की आतली प्रथिनं स्प्रिंगसारखी गुंडाळली जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हंगेरीतल्या सेगेड गावी अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी आणि ब्रूनो स्ट्राउब यांनी स्नायूतली दोन प्रथिनं वेगळी केली, मायोसिन आणि ॲक्टिन, ती एकत्र करून त्याचा धागा बनवला, त्यावर एटीपी टाकलं, एटीपी म्हणजे पेशीतलं इंधन, आणि तो धागा डोळ्यादेखत आकसला. विचार करा, जिवंत प्राणी नाही, नस नाही, काचेच्या भांड्यात पडलेला धागा आकसतोय! रसायनशास्त्राच्या लोकांनी साहित्य शोधून दिलं, पण ते साहित्य आत रचलंय कसं ते दिसत नव्हतं.

ते दिसलं १९५४ साली, आणि दोन ठिकाणी एकाच वेळी. एकीकडे ह्यू हक्सले, मूळचा भौतिकशास्त्राचा, युद्धात रडारवर काम केलेला, क्ष-किरणांनी स्नायू तपासणारा. त्याच्याबरोबर जीन हॅन्सन, प्राणिशास्त्राची, सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूचे सुटे धागे हाताळण्यात तिचा हातखंडा. दोघं अमेरिकेत एमआयटीत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप शिकायला गेले आणि तिथे भेटले. दुसरीकडे केंब्रिजमध्ये अँड्र्यू हक्सले, नाव सारखं असलं तरी या दोघांचं नातं काही नाही, त्याने स्वतः खपून वेगळ्या प्रकारचा मायक्रोस्कोप बांधला होता आणि रॉल्फ नीडरगेर्केबरोबर बेडकाचा जिवंत तंतू आकसताना बघत होता. दोन्ही जोड्यांचे लेख नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकाच्या एकाच अंकात लागोपाठ छापून आले, २२ मे १९५४.

त्यांनी काय पाहिलं ते आत्ता हातानेच करून बघा. दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरा आणि एकमेकांत अर्धवट सरकवा. डाव्या हाताची बोटं ॲक्टिन समजा, बारीक धागे. उजव्या हाताची मायोसिन, जाड धागे. आता हात जवळ आणा. एकूण लांबी कमी झाली ना? पण एक तरी बोट आखूड झालं का? नाही. स्नायूत हेच होतं, कुणी गुंडाळलं जात नाही, धागे एकमेकांत सरकतात. मायक्रोस्कोपखाली स्नायूवर जे काळे-पांढरे पट्टे दिसतात त्यातला काळा पट्टा म्हणजे मायोसिनची लांबी, आणि स्नायू कितीही आकसला तरी त्या काळ्या पट्ट्याची रुंदी बदलत नाही, हे त्या दोन्ही लेखांत होतं.

मायोसिनच्या धाग्यावर शेकडो बारीक मुंडकी असतात. एकेक मुंडकं ॲक्टिनला पकडतं, किंचित ओढतं, सोडतं, पुन्हा पुढे पकडतं, विहिरीचा दोर हातावर हात टाकून ओढतात तसं. एक ओढ म्हणजे मिलिमीटरचा लाखावा भाग, पण अशी मुंडकी अब्जावधी, म्हणून पाण्याची कळशी उचलली जाते. आणि एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते, एटीपी लागतं ते पकड सोडायला. म्हणून माणूस गेल्यावर काही तासांनी अंग ताठतं, इंधन संपलेलं असतं, मुंडकी जिथे पकडून बसली तिथेच राहतात.

आता दुसरा प्रयोग, हाही घरबसल्या. घट्ट मूठ आवळा. आता मनगट पूर्ण आतल्या बाजूला वाकवा, तळवा हाताच्या आतल्या बाजूकडे, आणि तसंच ठेवून पुन्हा मूठ आवळायचा प्रयत्न करा. जमत नाही, हो ना? मूठ ढिली पडते, मुठीतली पेन्सिल लहान पोरसुद्धा काढून घेईल. ताकद कुठे गेली? कुठेच नाही. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू तळहातात नसतात, ते कोपराच्या खाली असतात आणि त्यांची टेंडन मनगटावरून पुढे जातात. मनगट आत वाकवलं की ते स्नायू आधीच आखूड होऊन बसतात, आतले बारीक धागे एकमेकांवर चढतात, मुंडक्यांना ओढायला नीट जागा उरत नाही. शिवाय मागच्या बाजूचे बोटं उघडणारे स्नायू ताणले जातात ते वेगळंच. उलट धागे फार लांब खेचले गेले तर पकडायला समोर ॲक्टिनच नसतं. मधल्या एका लांबीलाच सगळ्यात जास्त मुंडकी कामाला लागतात.

अँड्र्यू हक्सले, गॉर्डन आणि ज्युलियन या तिघांनी १९६६ साली बेडकाच्या एकाच तंतूवर हे मोजून दाखवलं, सार्कोमिअर २ ते २.२ मायक्रोमीटर असताना पूर्ण बळ, साडेतीनच्या पुढे जवळजवळ शून्य. माणसात ॲक्टिन थोडं लांब असतं म्हणून आपला मधला बिंदू २.७ च्या आसपास येतो. म्हणूनच डब्याचं झाकण उघडताना तुमचं मनगट न सांगता थोडं मागे वाकतं, आणि म्हणूनच हाताला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, देताना आम्ही मनगट बऱ्याचदा किंचित मागे ठेवून बांधतो.

आता झावळीकडे येऊ. जिममधले लोक विचारतात स्नायू मोठा किती, पण खरा प्रश्न हा की त्याच मांसाची मांडणी कशी केलीय. सार्कोमिअर शेजारी शेजारी लावले तर बळ वाढतं, रस्सीखेचीत माणसं वाढवल्यासारखं. एकामागे एक लावले तर बळ वाढत नाही, पण पल्ला आणि वेग वाढतो. रेशनच्या रांगेत दीडशे माणसं उभी आहेत आणि प्रत्येकाने आपल्या पुढचं अंतर अर्धा फूट कमी केलं, तर पहिला जागचा हलत नाही पण शेवटचा त्याच क्षणात जवळजवळ पंचाहत्तर फूट पुढे येतो. स्नायूतही तसंच.

आपल्याच पायात दोन टोकाची उदाहरणं आहेत. मांडीवरून तिरका खाली उतरणारा सार्टोरिअस, शिंप्याचा स्नायू म्हणतात त्याला, शिंपी मांडी घालून बसायचे त्यावरून. त्याच्या तंतूंच्या जुड्या सुमारे ४० सेंटिमीटर लांब, म्हणजे ओळीने दीड लाखाच्या आसपास सार्कोमिअर, पण शेजारी शेजारी फार थोडे, सगळ्या तंतूंची मिळून जाडी जेमतेम २ चौरस सेंटिमीटर. आणि पोटरीत आतल्या बाजूला सोलियस, झावळीच्या बांधणीचा, तंतू साडेचार सेंटिमीटरच्या आत पण इतके दाटीने बसवलेले की एकत्र जाडी ५० चौरस सेंटिमीटरच्या घरात. एका चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलोचं बळ धरतात, म्हणजे हिशोबाने सोलियस शंभर किलोच्या वर ओढतो आणि सार्टोरिअस चार-पाच किलो. सोलियस वजनाने साडेतीनपट आहे, पण बळात पंचवीसपट! तिरकं लावल्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त तंतू बसले, ही सगळी किमया मांडणीची. सोलियस हळू आणि न दमणाऱ्या तंतूंनीही भरलेला असतो, आणि ते बरंच आहे, कारण तुम्ही रांगेत नुसते उभे असता तेव्हाही तो गुपचूप काम करत असतो नाहीतर आपण तोंडावर पडलो असतो. हे आकडे कुठून आले? कुणीतरी देहदानातून मिळालेल्या पायांचे एकेक स्नायू सोडवून, तंतू मोजून, लेझरने सार्कोमिअरची लांबी तपासून काढलेत, सॅम वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली २१ पायांवर. ज्यांनी देहदान केलं त्यांचे आपल्यावर केवढे उपकार आहेत ते अशा वेळी कळतं.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही. पॉल ब्रँड हा सर्जन, जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाला. तिथे त्याने कुष्ठरोग्यांचे हात पाहिले. कुष्ठरोगाचे जंतू नसेला धरतात, कोपराजवळची नस गेली की तळहातातले छोटे स्नायू लुळे पडतात आणि बोटं वाघनखासारखी वाकडी होतात. वाटी धरता येत नाही, सदऱ्याचं बटण लावता येत नाही, आणि लोक तर जवळच येत नाहीत. तेव्हा समज असा होता की या रोगात मांसच सडकं असतं, शस्त्रक्रिया केली तर जखम भरणार नाही. ब्रँडने पाहिलं की तळहातातले स्नायू गेले तरी कोपराखालचे बरेच स्नायू धडधाकट आहेत. मग त्यातला एक उसना घ्यायचा, त्याचं टेंडन मूळ जागेवरून सोडवायचं, तळहातातून फिरवून बोटांना जोडायचं, आणि रोग्याने पुन्हा नव्याने शिकायचं की मनगट हलवायचा विचार केला की बोटं हलतात. १९४० च्या दशकाच्या शेवटी ही ऑपरेशन्स सुरू झाली आणि जखमा व्यवस्थित भरल्या.

पण उसना कुठला घ्यायचा, इथे बांधणी येते. ज्याचे तंतू आखूड आहेत असा स्नायू घेतलात तर बळ मिळेल पण बोट पूर्ण मिटणार नाही, पल्लाच पुरणार नाही. लांब तंतूंचा बारीक स्नायू घेतला तर बोट मिटेल पण हातातलं भांडं निसटेल. ब्रँड त्यामुळे मोजमापाच्या मागे लागला आणि १९८१ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी कोपरापासून बोटांपर्यंतच्या स्नायूंचं एकमेकांच्या तुलनेत बळ किती आणि प्रत्येकाचा पल्ला किती याचा तक्ता छापला. हाताची सर्जरी करणारे आजही त्या विचाराने चालतात. वेल्लोरमधल्या वाकड्या बोटांपासून सुरू झालेलं काम जगभरच्या अपघातग्रस्तांच्या हातांना उपयोगी पडलं, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे आणि माहीत असायला हवं.

पुढची पायरी म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच सार्कोमिअर मोजणं. सीडी उन्हात धरली की रंग फाकतात, कारण तिच्यावर अतिशय बारीक आणि सारख्या अंतराच्या रेघा असतात. स्नायूवरही तसेच सारख्या अंतराचे पट्टे आहेत, म्हणून लेझर आरपार टाकला की पलीकडे ठिपके पडतात आणि ठिपक्यांच्या अंतरावरून सार्कोमिअरची लांबी निघते. अमेरिकेतला रिचर्ड लीबर आणि स्वीडनचा हॅन्ड सर्जन यान फ्रिडेन यांनी हे उपकरण ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवरचा ताबा बिघडलेल्या मुलांची मनगटं आत ओढली जाऊन घट्ट होतात, आणि सगळे समजत होते की स्नायू आखूड म्हणजे सार्कोमिअरही आखूड असणार. निघालं उलटंच. सार्कोमिअर साडेतीन मायक्रोमीटरपर्यंत ताणलेले, इतरांचे त्याच ठिकाणी अडीचच्या आत. म्हणजे रांगेतली माणसंच कमी आहेत आणि उरलेल्यांना हात ताणून साखळी पुरवावी लागतेय. मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून जात नव्हतं, कारण मी त्या मुलांना स्ट्रेचिंग देत होते आणि माझ्या मनातलं आतलं चित्रच चुकीचं होतं.

रांगेतली माणसं कमी-जास्त होतात ही गोष्ट फ्रान्समध्ये १९७२ साली मांजरांवर दिसली होती. सोलियस आखूड अवस्थेत प्लास्टरमध्ये ठेवला तर चार आठवड्यांत ओळीतले ४० टक्के सार्कोमिअर कमी झाले, ताणून ठेवला तर २० टक्क्यांच्या आसपास वाढले, आणि प्लास्टर काढल्यावर पुन्हा पूर्ववत. प्लास्टर निघाल्यावर घोटा वाकत नाही म्हणून घाबरणाऱ्या पेशंटला मी हेच सांगते, स्नायू गेलेला नाही, तो मिळालेल्या लांबीप्रमाणे स्वतःला बेतून घेतो.

आता पुन्हा गडावर. उतरताना मांडी काय करते? प्रत्येक पायरीला गुडघा वाकतो, मांडीचा पुढचा स्नायू लांब होतो, पण सैल सोडून नाही, तो आवळलेलाच असतो, ब्रेक लावत लांब होतो. नाहीतर आपण घरंगळत खाली. आवळत असतानाच ताणलं जाणं, हे चढण्यापेक्षा फार वेगळं काम आहे.

१९५२ साली लंडनमध्ये ॲबट, ब्रेंडा बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून उभ्या केल्या आणि एकाच साखळीने जोडल्या. एकाने पुढे पॅडल मारायचं, दुसऱ्याने फक्त ते अडवायचं. दोघांच्या पायांवर बळ सारखंच. रॉयल सोसायटीत हा प्रयोग दाखवला तेव्हा अडवायला लहानखुरी ब्रेंडा बसली आणि पुढे पॅडल मारणारा दांडगा पुरुष दमून गेला, तिला फारसं काही वाटलं नाही. मोजलं तर अडवणाऱ्याला लागणारा ऑक्सिजन वेगानुसार अडीचपट ते पाचपट कमी. कारण ताणल्या जाणाऱ्या स्नायूत एकेक मुंडकं जास्त भार पेलतं, शिवाय आत टायटिन नावाचं प्रथिन असतं, शरीरातलं सगळ्यात मोठं, ते रबरासारखं ताण धरतं. तेवढ्याच वजनासाठी थोडेच तंतू कामाला लागतात. म्हणून उतरताना दम लागत नाही.

आणि म्हणूनच दुखतं. थोडे तंतू, प्रत्येकावर भार जास्त, आणि तोही ताणत ताणत. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात डेव्हिड मॉर्गन इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा प्राध्यापक होता, त्याने १९९० मध्ये गणिताने मांडलं की एका ओळीतले सगळे सार्कोमिअर सारखे मजबूत नसतात, ताणाखाली जो सगळ्यात कमकुवत तो आधी लांब होतो, लांब झाला की धाग्यांची गुंफण कमी, गुंफण कमी म्हणून अजून कमकुवत, आणि तो एकदम निसटतो, जुन्या इलॅस्टिकचा एकच भाग सैल पडतो तसा. या मांडणीवर अजून वाद आहेत, पण मोडतोड डोळ्यांनी दिसलेली आहे. वर जो फ्रिडेन सांगितला ना, त्यानेच तरुणपणी, १९८१ साली, लोकांना पुन्हा पुन्हा जिने उतरायला लावून पोटरीतला बारीक तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला होता, सार्कोमिअरच्या भिंती जागोजागी वाकड्यातिकड्या झालेल्या. मग तिथे सूज येते, दुरुस्तीचं काम सुरू होतं, आणि त्याला एक-दोन दिवस लागतात म्हणून मांड्या लगेच न भरता दुसऱ्या दिवशी भरतात.

पण हीच दुरुस्ती पुढच्या वेळची तयारी असते. एकदा उतरलात की पुढचे काही आठवडे तोच गड तेवढा दुखत नाही. मॉर्गनच्याच गटाने उंदरांना उतारावर पळवलं तर मांडीच्या स्नायूत ओळीतले सार्कोमिअर वाढलेले सापडले, चढावर पळवलेल्या उंदरांपेक्षा जास्त. आणि तैवानमध्ये वजन जास्त असलेल्या वयस्कर बायकांच्या दोन गटांना बारा आठवडे फक्त जिने चढायला किंवा फक्त जिने उतरायला लावलं, उतरणाऱ्या लिफ्टने वर जायच्या. २०१७ साली निकाल आला, पायांची ताकद उतरणाऱ्या बायकांची जास्त वाढली होती.

त्यामुळे पहिल्यांदा ट्रेकला जाणाऱ्यांना मी आता सांगते की महिनाभर आधी आठवड्यातून दोनदा लिफ्टने वर जा आणि जिन्याने सावकाश खाली या, आधी दोन मजले, मग चार. गुडघेदुखी असेल किंवा तोल जात असेल तर आधी दाखवून घ्या. माझी आई अडुसष्ट वर्षांची, तिसऱ्या मजल्यावर राहते, भाजीची पिशवी घेऊन लिफ्टने वर येते आणि संध्याकाळी देवळात जाताना कठडा धरून जिन्याने उतरते. पहिल्या आठवड्यात तिच्याही मांड्या भरल्या होत्या, मला फोन करून रागावली होती. परवा विचारलं तर म्हणाली, आता काही होत नाही गं, आणि पाटावरून उठताना हात टेकावा लागत नाही.